आम्ही कोविडमध्ये काय काय केलंय...

परवा माझ्या तोंडून एक वाक्य गेलं आणि ते काही डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. फर्स्ट इयरची रेसिडेंट, म्हणजे एमडी शिकता शिकता ड्युटी करणारी डॉक्टर, रजा मागायला आली होती, दोनच दिवस. म्हणाली मॅडम झोप नाहीये, सुई लावताना हात थरथरतोय. आणि मी काय बोलले? "अगं आम्ही कोविडमध्ये काय काय केलंय, तुला कल्पना तरी आहे का!" सॉरी मॅडम म्हणून गेली बिचारी.

आता काय केलं होतं आम्ही, तेही सांगते. ९ मार्च २०२० ला पुण्यातले पहिले दोन पेशंट नायडू हॉस्पिटलात अॅडमिट झाले तेव्हा मी अॅनेस्थेशियाला, म्हणजे भूलशास्त्राला, पहिल्या वर्षाला होते, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, नाव कशाला. २२ तारखेला सदाशिव पेठेत थाळ्या वाजल्या, आमच्या आईने तर पितळी ताटच घेतलं, त्याला पोचा आहे अजून. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोणी काही वाजवत नव्हतं, फक्त फोन वाजायचे, बेड आहे का, ऑक्सिजनचा तरी आहे का. त्यात नीट पीजी, म्हणजे रेसिडेंट व्हायची प्रवेश परीक्षा, एप्रिलमधून गेली सप्टेंबरात आणि जागावाटपाचं काउन्सेलिंग सुरू झालं थेट जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे नवीन बॅच नाहीच, तीन बॅचचं काम दोनच बॅचच्या डोक्यावर.

पण पीपीईतला घाम वगैरे खरं सांगू का, विसरले मी. विसरले नाही ते संध्याकाळचे फोन. नातेवाईकांना आत सोडत नव्हते त्यामुळे रोज आम्हीच फोन करून सांगायचं, आज सॅच्युरेशन इतकं, बायपॅपवर, म्हणजे श्वासाच्या मशीनवर, आहेत, आणि कधीकधी ते दुसरं. फोन लागायच्या आधी ती कोरोनाची कॉलर ट्यून पूर्ण ऐकायची, मास्क लावा हात धुवा, आणि मग त्या माणसाला सांगायचं की तुमचे वडील गेले. हडपसरच्या एका मुलाने तेव्हा फक्त एवढंच विचारलं, बाबांचा चष्मा मिळेल का. तासभर शोधला, चार्जर सापडले सात-आठ, चष्मा नाही. मी अजूनही फोन लावला की स्पीकरवर टाकून लांब धरते, नवऱ्याला वाटतं सवय आहे.

त्यावर आम्हाला मदत काय मिळाली तर तणावमुक्तीवर एक वेबिनार, दुपारी चारला, मी नाईट करून झोपले होते (हसू नका, अटेंडन्स कंपल्सरी होता).

आणि हे सगळं मी मेडल असल्यासारखं त्या पोरीसमोर काढलं! आमच्या सिनियर्सनी आम्हाला स्वाइन फ्लूचं ऐकवलं होतं, तेव्हा किती राग यायचा. सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी साधारणपणे नको, हे केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी स्कीममध्ये लिहिलंय, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. म्हणजे तिने काही जगावेगळं मागितलं नव्हतं, आणि आत्ता तर साथही नाहीये.

काल तिला बोलावून सॉरी म्हणाले. रजा दिली, आणि टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर पण दिला, मराठीतही बोलतात म्हटलं, तुझं नाव कुणाला कळत नाही. तिने पहिला प्रश्न विचारला, "पण मॅडम, माझी ड्युटी कोण करणार?"

रोस्टर उघडून बसलेय मघापासून. एका नाईटला माझं नाव टाकलंय. दुसरी अजून रिकामीच आहे.