प्रतिक्रियेला उत्तर: ‘औदुंबर’ आणि ओळीतला आधार

नमस्कार सर,

आपण तीस वर्षं मराठी शिकवलंत, म्हणून आपली प्रतिक्रिया थांबून थांबून वाचली. आपलं म्हणणं असं की, ‘हे कुठल्या ओळीत आहे?’ असं नववीच्या मुलांना विचारत राहणं म्हणजे कवितेचा पंचनामा. कविता आधी कानात उतरावी, अर्थ मागाहून आपोआप येतो.

कविता आधी कानात उतरावी, हे पटलं. बालकवींची ‘औदुंबर’ शिकवली त्या तासाला मी ती एकदाच वाचून फळ्याकडे वळलो होतो, ती घाईच झाली. आता दोनदा मोठ्याने वाचतो आणि काही वेळ काहीच विचारत नाही.

पण आपोआप येतो तो अर्थ बहुतेकदा गाइडमधला असतो, नाहीतर ऐकीव. ‘औदुंबर’ वाचून संपते न संपते तोच पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “डोह म्हणजे मृत्यू.” का, तर बालकवी १९१८ साली भादली स्टेशनवर रेल्वेखाली गेले. बालकवींचा जन्म धरणगावचा, भादलीही जळगावजवळच, त्यामुळे ही हकिकत इकडच्या पोरांना तोंडपाठ. मी विचारलं, कविता लिहिताना कवीला हे ठाऊक होतं का? वर्ग गप्प. म्हटलं, मग कवितेतच बघू.

आठच ओळी. त्यातले रंग शोधायला लावले. झरा निळासावळा, शेतमळ्यांची गर्दी हिरवी, पायवाट पांढरी, कुरण हिरवं, आणि त्याच सहाव्या ओळीच्या टोकाला डोह काळा. पुढच्याच ओळीत काळिमा. तेवढ्यात घरी अहिराणी बोलणारी, वर्गात सहसा तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, “सर, वाट डोहकडे जास.” सर, तिने अख्ख्या कवितेचा उतार पाहिला होता! टेकडी, चार घरं, मळे, कुरण, आणि मग डोह. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आता त्या मुलाच्या ‘मृत्यू’ला निदान बसायला जागा झाली. पण लगेच दुसऱ्याने अडवलं: मग काळिमा ‘गोड’ का म्हटलाय? इथे तास खरा रंगला. कोणी झोप म्हणालं. एकाने सांगितलं, वैशाखात मळ्यातून येताना उंबराखाली गेलं की अंधारल्यासारखं होतं आणि बरं वाटतं. ज्या मुलुखात उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, तिथल्या मुलाने सावलीला गोड म्हणावं, यापेक्षा चांगला आधार मी तरी काय देणार होतो? मृत्यू म्हणणाऱ्यालाही आता ‘गोड’चं उत्तर देणं भाग होतं. त्याने दिलं नाही, पण वहीत तो शब्द अधोरेखित केला.

याला मी पंचनामा म्हणणार नाही. मुलं त्या आठ ओळी पुन्हा पुन्हा वाचत होती, आणि घंटा झाल्यावर पाठ म्हणत बाहेर पडली.

असं लिहिलं तर परीक्षेत गुण जातील, हा मुद्दाही आपण काढलात. ओळ दाखवून लिहिलेल्या रसग्रहणाचे गुण कापले गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

एका ठिकाणी मात्र आम्ही अडलो आहोत, आणि तिथे आपली मदत हवी आहे. ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.’ यातलं ‘असला’ म्हणजे ‘अशा तऱ्हेचा’ की ते नुसतं ‘बसला’ला जोडून आलंय? वर्गात दोन तट पडलेत. आपल्या वर्गात मुलं यावर काय म्हणायची, ते लिहाल का?