बोटांच्या ठशांत हुशारी शोधू नका

'तुमचं मूल गिफ्टेड आहे का? 6 खुणा तपासा' असा मेसेज आमच्याकडच्या पालकांच्या ग्रुपांवर महिनाभर फिरतोय. मी वाचून सोडून दिला होता. परवा दारव्ह्याकडून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, आपल्या पोट्ट्यात तर त्यातलं एकबी नाही. बोटाचे ठसे देऊन पाहू का? चार हजार मागून राह्यले." चार हजार, सोयाबीन विकून आलेल्या पैशातले! म्हणून लिहायला बसलो.

ठशांपासूनच सुरू करतो. मेसेजमधला तो सहावा मुद्दा, आणि आधीचे पाच तिथवर आणून सोडायलाच रचलेत असं माझं मत आहे. म्हणे गर्भात मेंदू आणि बोटांवरच्या रेषा एकाच काळात घडतात, म्हणून ठशांवरून जन्मजात बुद्धी कळते. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. रेषा साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात उमटतात, तेव्हा मेंदूही वाढत असतो. पण तेव्हा कान, मूत्रपिंडं, सगळंच वाढत असतं. सोबत घडलं म्हणून एकावरून दुसरं वाचता येत नाही. डाऊन सिंड्रोमसारख्या काही विकारांत तळहाताच्या रेषा वेगळ्या दिसतात, हेही मान्य. तिथून 'गणित 82 टक्के, संगीत 41 टक्के' असा रंगीत रिपोर्ट छापायला मात्र काडीचाही आधार नाही. डीएमआयटी म्हणतात त्या या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने जाहीरपणे सांगितलंय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचं नाव घेऊन ती विकतात, पण त्यांनी 1983 मध्ये मांडलेल्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांतात ठसे कुठेच नाहीत. आणि नऊ वर्षांच्या पोराला छापील कागदाने एकदा सांगितलं की गणित तुझं काम नव्हे, तर ते त्याच्या डोक्यातून कोण काढणार?

'पहिला नंबर, सुंदर अक्षर, वर्गात शांत. असं मूल शिक्षकांच्या लगेच लक्षात येतं.' या तीन खुणांचा मला ठशांइतकाच राग आहे. दिवाळीनंतर गावी होतो. बाजाराच्या आदल्या सांजेला कापूस वेचणाऱ्या बायांचा चुकारा चालला होता. दादा वहीतून आकडे वाचत होता आणि हे पोट्टं बाजूला जुन्या टायरशी खेळत होतं. मधेच म्हणालं, "काकूचे बुधवारचे साडेतीन किलो लिवलेच नाही, बेचाळीस रुपये कमी होतात." किलोला 12 रुपये दर. काट्याची चिठ्ठी शोधली, तर खरंच राहिले होते. बारा बायांचा सहा दिवसांचा हिशोब त्याला तोंडपाठ होता. शाळेच्या वहीत मात्र पानोपानी लाल शाईत 'अक्षर सुधारा'.

अशी मुलं नजरेतून सुटतात, हे मोजून दाखवलेलं आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत पूर्वी शिक्षक-पालकांनी सुचवलेलीच मुलं प्रज्ञावान म्हणून तपासायला जायची. 2005 पासून दुसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांना शब्दांवाचूनची, आकृत्यांची छोटी चाचणी दिली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांचा 2016 चा अभ्यास सांगतो की त्यानंतर निवड झालेल्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण 80 टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक मुलांचं 130 टक्क्यांनी वाढलं. निकष तेच होते. पुढे पैशांअभावी ही चाळणी बंद पडली, तसे आकडे पुन्हा घसरले. मुलं आधीही वर्गातच बसलेली होती, त्यांचं नाव कुणी सुचवत नव्हतं.

'लवकर वाचायला लागतं' यात थोडं तथ्य आहे, बऱ्याच प्रज्ञावान मुलांत ते दिसतं. पण ज्या घरात पहिलं पुस्तक पहिलीत शाळेतून मिळतं, तिथे पोरगं चौथ्या वर्षी वाचणार काय? राहिलं 'फाडफाड इंग्रजी'. ते कुठल्या शाळेत घातलं यावर ठरतं, त्यावर वेळ घालवत नाही.

वहिनींना सांगितलंय, चार हजार घरातच ठेवा. पोरगं जूनमध्ये पाचवीत जाईल, नवोदय या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरू. फॉर्मला पैसे लागत नाहीत, पेपर मराठीत देता येतो, 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना आहेत. 80 पैकी 40 प्रश्न नुसत्या आकृत्यांचे असतात. जागा जिल्ह्याला 80 च्या आसपास, त्यामुळे लागला नाही तरी त्याची हुशारी कमी ठरत नाही, हेही आताच सांगून ठेवलंय. त्याच्या गुरुजींना ती चुकाऱ्याची गोष्ट मी स्वतः फोन करून सांगणार आहे.