डागाचं निवेदन

चित्र पूर्ण झालं. कडेची चिकटपट्टी सोलताना कागद फाटला नाही, म्हणजे दिवस बरा होता. तेवढ्यात प्रदर्शनवाल्यांचा निरोप आला : चित्रासोबत तीनशे शब्दांचं निवेदन पाठवा, वैचारिक भूमिका स्पष्ट हवी.

चित्र खुर्चीचं आहे. लाकडी, एक पाय आखूड, जलरंगात. ती का काढली? तर समोर होती आणि हलत नव्हती. माणसं हलतात, मांजराचं तर विचारूच नका. झाली भूमिका. शब्द मोजले तर दहासुद्धा भरेनात.

मग थिअरी कोळून प्यायलेल्या मित्राला बोलावलं. तो चित्रासमोर बराच वेळ हाताची घडी घालून उभा राहिला. (मला चित्र काढायलाही एवढा वेळ लागला नसेल.)

"खुर्ची म्हणजे सत्ता. रिकामी खुर्ची म्हणजे सत्तेची अनुपस्थिती."

"अरे, खुर्चीत मीच बसलो असतो तर चित्र कोणी काढलं असतं?"

"ते सोड. हा डावीकडचा तपकिरी डाग! सगळी विरचना इथं आहे."

तो डाग ब्रश धुतलेल्या पाण्याचा. कोपर लागलं, वाटी कलंडली, टिपकागद सापडेना, म्हणून सदऱ्याच्या बाहीनं टिपलं. वाळताना रंगाचे कण कडेला सरकले आणि मधे फिकट, भोवती गडद रेघ असा नकाशा उमटला. हे सांगितलं तर मित्र म्हणाला, "तुझा हेतू इथं गैरलागू आहे. बार्त वाच."

वाचला. रोलाँ बार्त या फ्रेंच समीक्षकानं १९६७ मध्येच लेखकाचा मृत्यू जाहीर केलाय : अर्थ वाचकाच्या हाती, लिहिणाऱ्याला विचारायचं नाही. फार हायसं वाटलं. पण मग निवेदन मयताकडूनच का मागतात?

मग फ्रेंच कलावंत द्युशाँचा आधार घ्यावा म्हटलं. त्यानं १९१७ मध्ये मुतारीचं भांडं 'आर. मट' अशी सही करून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला धाडलं. सहा डॉलर भरेल त्याची कलाकृती मांडायची असा तिथला नियम, तरी ते मांडलं नाही. मग 'द ब्लाइंड मॅन' नावाच्या नियतकालिकात त्याची बाजू घेणारा निनावी मजकूर छापून आला. मूळ भांडं पुढे हरवलं. मजकूर अजून वाचायला मिळतो. म्हणजे मुतारीलासुद्धा निवेदन सुटलं नाही, तिथं माझ्या खुर्चीची काय कथा! जोसेफ कोसुथ या अमेरिकन कलावंतानं तर १९६५ मध्ये खरी खुर्ची, तिचा फोटो आणि खुर्चीची कोशातली व्याख्या शेजारीशेजारी मांडली. माझ्याकडे खुर्ची आहे, चित्र आहे. अडलंय ते तिसऱ्यापाशी.

शेवटी मित्रानंच निवेदन लिहिलं. 'अवकाश' पाच वेळा, 'हस्तक्षेप' तीन वेळा. कोपराचा धक्का म्हणजे हस्तक्षेप, हे मात्र मला पटलं. आणि खरं सांगायचं तर, तो बोलून गेल्यावर मी चित्र पुन्हा पाहिलं तेव्हा खुर्ची अगदी बेतास बात वाटली. डाग फर्मास होता. तोवर माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

चित्र निवडलं गेलंय. आता त्यांना मालिका हवी आहे, असेच डाग असलेली आणखी चार चित्रं. सकाळपासून कोपरानं वाटी कलंडवतोय. सहा कागद वाया गेले. एकदा पाणी नुसतंच वाहून गेलं, एकदा डाग हुबेहूब बदकासारखा आला. सदरा तोच घातलाय. बाही मुद्दाम धुतलेली नाही.