तोरणापुरता आंबा

"काकू, तुम्ही ना, प्लास्टिकची घ्या."

हे मला परवा एका नर्सरीतल्या, मिसरूड नीट न फुटलेल्या पोराने सांगितलं. आत शिरले तेव्हा मी मॅडम होते. मग मी मोबाइलवर आमच्या गॅलरीचा फोटो दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला, आणि माझी काकू झाली.

फोटोत एवढं वाईट काही नव्हतं. साडेतीन फूट बाय नऊ फूट गॅलरी. त्यातले तीन फूट एसीच्या बाहेरच्या डब्याने खाल्लेले, उरलेल्यात कपड्यांचा स्टँड आणि स्टँडवर, हे मान्य, ह्यांचे बनियन. बिल्डरच्या गुळगुळीत पत्रकात याच जागेला 'सनडेक' म्हटलं होतं. त्यातला सन सकाळी साडेनऊला समोरच्या बारा मजल्यांच्या डोक्यावरून उगवतो आणि बारा वाजायच्या आत आमच्या वरच्यांच्या स्लॅबमागे मावळतो. अडीच तास. हा आकडा अंदाजपंचे नाही. सुट्टीच्या दिवशी दर तासाला उन्हाची कड जमिनीवर खडूने आखून काढलाय. घरच्यांना वाटलं, मी लंगडीचा डाव मांडतेय.

हे मोजमाप दोनदा करावं लागतं, डिसेंबरात आणि मेअखेरीस. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारी डोक्याच्याही उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरात ऊन पार दिवाणाखालच्या चपलांपर्यंत येतं, ते बघून माणूस हौसेने लिंबाचं झाड आणतो आणि जूनमध्ये त्या झाडाला सूर्य दिसत नाही. उत्तरेच्या गॅलरीचं बरोब्बर उलटं. पश्चिमेला ऊन भरपूर, पण एप्रिलमधलं चारचं ऊन काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळांची उकड काढतं.

"लिंबू न्या की," अशी त्या पोराने सुरुवात केली होती. वीतभर पिशवीत हातभर झाड, वर चार लिंबं लटकलेली. ऊन किती लागतं? "थोडंफार." मोगरा? "थोडंफार." टोमॅटो? "चालतंय थोडंफार." नर्सरीत ऊन मोजायला हे एकच माप आहे. फूल किंवा फळ हवं असेल तर सहा तास थेट ऊन लागतं, आणि नुसतं पान हवं असेल तर तीन-चार तासांत भागतं, काही पानांना त्याहूनही कमीत. हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण ज्याला आज फूल आहे ते आज खपतं. मी चिकाटी सोडेना म्हणून त्याने फोटो मागितला. पुढचं सांगितलंच.

"प्लास्टिक कशाला? आंबा लावा!" मागून आवाज आला.

बर्म्युडा, मोजे, मोज्यांवर सँडल, हातात घरून आणलेली मोजपट्टी. नर्सरीत असे एक काका असतातच. ते काही विकत घेत नाहीत.

"आमचा आहे ना चौथ्या मजल्यावर. दोनशे लिटरच्या पिंपात."

"फळ धरतं?"

"पानं धरतं."

"म्हणजे आंबे नाही येत?"

"आंबे बाजारात मिळतात हो. तोरणाला पानं लागतात. दसऱ्याला पाच डहाळ्यांचे काय पैसे घेतात माहितीये? पाडवा आहे, कलश आहे, कुणाची वास्तुशांत आहे. बिल्डिंगमधली बावीस घरं माझ्या दाराशी येतात."

"मग केळही असेल," मी आपली गंमत केली.

"दोन आहेत. सत्यनारायणाला खुंट लागतात."

"घड?"

"घड आला की ते झाड संपतं. आम्ही त्याच्या आधीच पूजा घालतो."

पोरगा पाइप हातात धरून ऐकत उभा राहिला. पाणी त्याच्या चपलेवर पडत होतं.

"आणि वड आहे," काका म्हणाले. "दहा इंची कुंडीत. वटपौर्णिमेला हिला खाली उतरायला नको, लिफ्टचा भरवसा नसतो."

"पण फेऱ्या कशा घालतात?"

"घालत नाही. कुंडी फिरवते. सात वेळा."

मी म्हटलं, काका, दोनशे लिटरच्या पिंपात माती भिजली की तीनशे किलोच्या वर जाते, गॅलरी ती. काका म्हणाले, "खालचे तेच म्हणतात."

राग याचा आला, की पिंप आणि तीनशे किलो सोडले तर माणूस बरोबर बोलत होता. अडीच तासांच्या उन्हात फळाच्या नादाला लागायचंच नाही, पानांकडे वळायचं. आणि पान खाणाऱ्यांच्या घरात पानांना काय तोटा?

विड्याचा वेल घ्या. त्याला भर दुपारचं ऊन सोसतच नाही. दहा-बारा इंची कुंडी, काथ्या गुंडाळलेली काठी, सतत ओलसर माती, की झालं. वडीचं अळू बारा इंचीत, आणि पाणी जास्त झालं तरी न रुसणारं कुंडीतलं हे जवळपास एकमेव प्रकरण. पानओवा तर काडी खोचली की लागतो. पुदिन्यासाठी नर्सरीत यायचीही गरज नाही. मंडईतल्या जुडीतल्या जाड काड्या निवडायच्या, खालची पानं काढून पेल्यातल्या पाण्यात ठेवायच्या, आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटतात. मग सहा इंच खोल, पसरट कुंडी, आणि त्याच्या शेजारी दुसरं काही लावायचं नाही. पुदिना शेजारधर्म पाळत नाही. हळदीचे दोन डोळेदार तुकडे मेमध्ये बारा इंचीत लावले की पातोळ्यांना पानं होतात. जानेवारीच्या सुमारास पानं पिवळी पडून वाळतात, तेव्हा झाड मेलं म्हणून कुंडी ओतून देणारे लोक मी पाहिलेत. अहो, तेव्हाच तर खालून हळद काढायची!

कोथिंबीर अडीच तासांत थोडी किडकिडीत होते, पण होते. धणे अख्खे टाकायचे नाहीत, हलके रगडून दोन डाळिंब्या करायच्या आणि रात्रभर भिजवायचे. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. चौथ्या दिवशी उकरून बघणाऱ्याची कोथिंबीर जन्मात येत नाही. एप्रिल-मेमध्ये तर लावूच नये, हातभर वाढायच्या आत तुरे काढून मोकळी होते.

आता तक्रार. नर्सरीची झाडं लाल चिकट मातीच्या गोळ्यात का देतात? वाहतुकीत गोळा फुटत नाही म्हणून, हे कळतं. पण घरी तोच गोळा वाळून वीट होतो. वरून घातलेलं पाणी कडेकडेने धावत भोकातून बाहेर, आत मुळं कोरडी. आपण म्हणतो, रोज पाणी घालते तरी मेलं कसं? तर आणल्यावर आठवडाभर सावलीत ठेवायचं, मग गोळा बादलीत भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवायची. कुंडीत दोन भाग माती, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोनदा धुवायचं, त्यात क्षार असतात. तळाशी विटांचे तुकडे भरायचे नाहीत. त्याने पाण्याचा निचरा सुधारत नाही, फक्त मुळांची चार इंच जागा जाते. भोकावर एक खापरी पुरे.

एसीच्या डब्यासमोर मात्र काहीही लावू नका. मी गवती चहासुद्धा लावून पाहिला. सुकवलेला चहा तयार झाला, एवढंच.

आणि पाणी एकदम न ओतता दोनदा थोडं थोडं घालायचं, खाली ताटली ठेवायची, अर्ध्या तासाने ती रिकामी करायची. नाहीतर डास. आणि खालच्या वहिनींची वाळत घातलेली साडी. सोसायटीच्या फलकावर 'काही सभासद' असा उल्लेख येतो तेव्हा तो माझा असतो. एसीचं पाणी सगळ्यांचंच गळतं, त्याच्यावर कधी नोटीस लागलेली नाही.

शेवटी मी विड्याचा वेल आणि अळू घेतलं. काकांनी मोजपट्टीने माझी कुंडी मोजून "पावणेबाराच आहे" असं जाहीर केलं आणि रिकाम्या हातांनी निघाले. मी पैसे द्यायला गेले तर तो पोरगा गल्ल्याशेजारच्या प्लास्टिकच्या फर्नवर पाइप धरून उभा होता.

मी नुसतं बघितलं.

"धूळ बसती ना, काकू."