‘एक जुना भाडेकरू’ यांच्या कमेंटला उत्तर (लांबलंय, सांभाळून घ्या)

दादा, तुम्ही नाव दिलं नाही, नुसतं ‘एक जुना भाडेकरू’ लिहिलंय म्हणून दादाच म्हणते. तुमची कमेंट रविवारी रात्री वाचली तेव्हा पहिल्यांदा रागच आला, लगेच उत्तर टाइप पण केलं होतं, मग म्हटलं झोपावं आधी. बरं झालं झोपले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात मी ‘आमची गल्ली आणि गल्लीतली पोरं’ अशी पोस्ट टाकली होती, छत्रपती संभाजीनगरातल्या (आधीचं औरंगाबाद) विद्यापीठाच्या गेटजवळच्या आमच्या भागावर, मेसवर, रात्री दोनला अभ्यासिकेतून परत येणाऱ्या पोरांवर वगैरे. त्याच्यावर दादांचं म्हणणं असं की ताई पोस्ट गोड आहे पण मालकिणीच्या खुर्चीत बसून लिहिलेली आहे. मी 2011 ते 2014 पहाडसिंगपुऱ्यात राहिलो, आम्हाला पाणी दोन बादल्या मोजून मिळायचं, डिपॉझिट कधी पूर्ण परत आलं नाही, रूम द्यायच्या आधी आडनाव विचारायचे, ह्यातलं एक अक्षर तुमच्या पोस्टमध्ये नाही. पोरांच्या जिवावर गल्ली जगते आणि उपकार केल्यासारखं लिहिता. आणि शेवटची ओळ, जी मला जास्त लागली, की ज्या विद्यापीठावर तुमचं घर चालतं त्याचं पूर्ण नाव सुद्धा पोस्टमध्ये एकदाही आलेलं नाही.

डिपॉझिटचं आधी उरकते. बरोबर आहे तुमचं. खिळा ठोकला म्हणून, भिंतीला तेलाचा डाग पडला म्हणून, बल्ब गेला म्हणून पैसे कापायचे आणि रंग मात्र पाच पाच वर्षं मारायचा नाही, हे आमच्या भागात चालत आलंय. आमच्या घरात असं झालंच नाही असं छातीठोक सांगता येत नाही मला, तो हिशोब बाबा बघायचे आणि त्यांची वही आता सापडत नाही.

पाण्यावर मात्र मी भांडणार.

तुम्ही वर राहिलात म्हणून तुम्हाला दोन बादल्या दिसल्या, खाली काय चालायचं ते नाही दिसलं. आपल्याकडं पाणी येतं पैठणच्या नाथसागरातून, 50 किलोमीटरच्या आसपासचं अंतर, वर चढवून आणायचं, आणि ते नळाला यायचं किती दिवसांनी तर कधी चौथ्या दिवशी कधी आठव्या. येणार कधी ते कोणी सांगत नाही. रात्री अडीचला आलं तर अडीचला उठायचं, मोटार लावायची, आधी हौद, मग वरची सिंटेक्सची टाकी, मग ड्रम, मग घागरी, मग पातेली सुद्धा, आणि तेवढ्यात लाईट गेली की संपलं. आमच्या घरात खाली चौघं आणि वर तीन रूममध्ये सात पोरं, अकरा माणसांचा हिशोब त्या एका पाऊण तासात बसवायचा असायचा. आईनं त्यासाठी कॅलेंडरवर खुणा करून ठेवलेल्या असायच्या, दुधाच्या खाड्यासारख्या, कोणत्या तारखेला पाणी आलं आणि किती वेळ होतं. आता वर एखादा नवीन पोरगा येतो, ज्याच्या गावाकडं विहीर आहे, आणि तो रविवारी नळ सोडून चार जीन्स धुवायला बसतो. मग खालून आईचा आवाज येणारच ना दादा. तिचा आवाज तसाही अंबाजोगाईचा आहे, प्रेमानं बोलली तरी भांडायलीय असं वाटतं.

2016 चा उन्हाळा आठवा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष. तुम्ही तेव्हा नव्हता. आमच्या बोअरनं फेब्रुवारीतच दम टाकला होता, काळ्या पाषाणात बोअर म्हणजे नशिबाचा खेळ, लागलं तर लागलं. परीक्षा होईपर्यंत टँकर घेतला, त्याचे पैसे पोरांकडून मागितले नाहीत कारण पोरांकडं नव्हतेच, दुष्काळ त्यांच्याच घरी होता. हे उपकार म्हणून सांगत नाही, तुम्ही बादल्या मोजल्यात म्हणून मी टँकर मोजते, एवढंच.

(आणि हे सगळं कुठं चाललंय तर बेगमपुऱ्याला खेटून, जिथं थत्ते हौद आहे, पलीकडं पाणचक्की आहे. मलिक अंबरच्या काळापासून ह्या गावात डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून नुसत्या उतारावर खेळवून आणायचे, मोटार नाही की लाईट नाही. पर्यटक पाणचक्की बघून वा वा करतात आणि आम्ही मागच्या गल्लीत टँकरच्या पाईपावरून भांडतो.)

पोरांच्या जिवावर गल्ली जगते हे म्हणालात ते खरंय, शंभर टक्के, पण मी ते लपवलं होतं असं मला वाटत नाही, नीट लिहिता आलं नाही म्हणा. मला ते कळलं 2020 च्या मार्चमध्ये. आठ-दहा दिवसात गल्ली रिकामी. पोरं एकेक बॅग घेऊन गेली, पंधरा दिवसात येतो म्हणून. मेसवाल्या मावशींनी भरून ठेवलेलं तांदळाचं पोतं तसंच राहिलं. झेरॉक्सवाला, थिसिसचं बाइंडिंग करणारा, सकाळची पोह्याची गाडी, कॉट बेसिसवाले, अभ्यासिकेवाले, सगळ्यांचं शटर खाली. संध्याकाळी सातला गल्लीत कुकरची शिट्टी ऐकू यायची इतकं शांत, एरवी त्या वेळेला डबे वाजत असतात. वर रूमला कुलूपं आणि आत पुस्तकं. मग फोन यायला लागले, ताई माझ्या टेबलावर हिरवी वही आहे तिचे फोटो काढून टाका ना. मी दुपारी वर जाऊन पानं उलटत फोटो काढायची आणि व्हॉट्सॲपला पाठवायची, दीडशे-दीडशे फोटो, एकाचं अक्षर तर इतकं बारीक की दोनदा काढावे लागले. भाडं कोणी दिलं कोणी नाही दिलं. पीएचडीवाले तसेही ‘फेलोशिप आली की देतो ताई’ म्हणणारेच, एकजण आमच्याकडं नऊ वर्षं राहिला, त्याच्यासमोर माझं लग्न झालं, मी माहेरी परत राहायला आले, माझा मुलगा शाळेत जायला लागला आणि ह्याचं चौथं चॅप्टर चालूच. तर कोण कोणावर जगतं ह्याचा हिशोब तुम्ही म्हणता तेवढा सरळ नाही, पण खालचा मजला वरच्या मजल्यावर उभा आहे हे मान्य.

आता नावाचं.

खरं सांगू का, पोस्टमध्ये मी नुसतं ‘युनिव्हर्सिटी’ लिहिलं ते सवयीनं. रिक्षावाला ‘युनिव्हर्सिटी युनिव्हर्सिटी’ ओरडतो, मेसची पाटी पण ‘युनिव्हर्सिटी गेट जवळ’ अशीच. पण तुमची कमेंट वाचल्यावर सवय कुठून आली हे मी शोधत बसले आणि ते फार काही चांगलं निघालं नाही. बाबा शेवटपर्यंत ‘मराठवाडा विद्यापीठ’ म्हणायचे. ते सवयीनं नव्हतं. 27 जुलै 1978 ला त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा विधिमंडळात ठराव झाला तेव्हा ते कॉलेजात होते, विशीतले. त्यानंतर मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्या जाळल्या, पोचिराम कांबळेंना मारलं. बाबा तेव्हा कुठल्या बाजूला होते, मोर्चात गेले होते का घरी बसले होते, हे मी दोन-तीनदा विचारलं, ते पेपर वर धरायचे. आणि न सांगणं म्हणजे पण सांगणंच झालं. 14 जानेवारी 1994 ला नाव झालं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, साडेपंधरा वर्षांनी. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची, संक्रांत होती, आईनं आम्हाला गेटकडं जाऊ दिलं नाही, तिळगूळ वाटायला सुद्धा नाही. गच्चीवरून नुसती गर्दी जाताना दिसत होती, नवीन साड्या नेसलेल्या बाया, खांद्यावर लेकरं, निळे झेंडे. कॉलेजला गेल्यावर मैत्रिणीसोबत पहिल्यांदा 14 जानेवारीला गेटवर गेले तेव्हा बघितलं की लोक परभणी-हिंगोलीहून येऊन गेटला हात लावून पाया पडतायत आणि जाताना पुस्तकं घेतायत, पिशव्या भरून. घरापासून चालत पाच मिनिटांवरचं हे सगळं, आणि ते बघायला मला वयाची अठरा वर्षं लागली. तुम्हाला हे नाव का टोचलं ते मला कळलंय. पोस्ट दुरुस्त केलीय, पूर्ण नाव टाकलंय, तळाला तुमच्या कमेंटचा उल्लेख पण आहे.

आणि आडनाव. हे मी शेवटी ठेवलं कारण ह्याच्यावर काय लिहावं ते सुचत नव्हतं.

आमच्याकडं सरळ आडनाव विचारायचे नाहीत. बाबा विचारायचे, गाव कोणतं? मग तालुका. मग ‘तिकडं अमुक पाटलांना ओळखता का’. मग वडील काय करतात. मग पूर्ण नाव सांगा, पावतीवर लिहायचंय म्हणून. चहा तोवर झालेला असायचा. एका जूनमध्ये परभणीकडचा एक मुलगा मामासोबत आला होता, एमएस्सीला नंबर लागलेला, केमिस्ट्री. आईला आवडला होता, तिनं तर पंख्याचं बटण कुठंय ते पण दाखवून झालं होतं. मग खाली बाबांसमोर बसले, गाव, तालुका, पूर्ण नाव. बाबा म्हणाले, अरे रूम तर आत्ताच गेली बघा, सकाळीच एकाला शब्द दिला. मी पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी. मामानं मान हलवली, उठला. मुलगा फाटकापाशी थांबला, तिथं आमचा बोर्ड लटकलेला, ‘रूम भाड्याने देणे आहे’, आणि एकदम साध्या आवाजात म्हणाला, काका मंग बोर्ड काढून घ्या, दुसरं कोणीतरी उन्हात यायचं.

बाबांनी बोर्ड नाही काढला. दोन दिवसांनी दुसऱ्या मुलाला रूम दिली तेव्हा काढला. मी पण काही बोलले नाही. मी तेव्हा लहान नव्हते दादा, तिशीच्या जवळ आलेले होते, नोकरी करत होते.

ही गोष्ट मागच्या पोस्टमध्ये का नाही ह्याचं उत्तर माझ्याकडं हेच आहे की आठवत होती, म्हणून नाही. बाबा गेले त्याला आता सहा वर्षं झाली, रूमचं सगळं मी बघते. रविवारी रात्री जे उत्तर टाइप केलं होतं ना, त्यात मी लिहिलं होतं की आता आमच्याकडं असं काही नाही, आता वर सगळ्या प्रकारची पोरं राहतात, आणि पुढं दोन उदाहरणं पण दिली होती. सकाळी ते वाचलं आणि डिलीट केलं. त्या पोरांना न विचारता आपलं सर्टिफिकेट म्हणून त्यांना वापरायलेय असं झालं ते. शिवाय पूर्ण खरं पण नाही. मी आडनाव विचारत नाही, पण पोलिसांच्या फॉर्मसाठी आधार मागते, आणि कार्ड हातात आल्यावर डोळा आधी कुठं जातो ते माझं मला माहितीय. समोरच्या काकू अजून विचारतात, कोणाला दिली गं रूम? आणि मी म्हणते, बीडचा आहे. गावच सांगते. बाबांसारखंच.

गंमत बघा, हा आमचा सगळा भागच बाहेरून आलेल्यांच्या नावावर आहे. पहाडसिंग बुंदेला, जयसिंग, भावसिंग, मुघलांच्या फौजेसोबत आलेले लोक, इथं तळ ठोकला आणि त्यांच्या नावाचे पुरे, म्हणजे वस्त्या, झाल्या. त्यांना कोणी गाव-तालुका विचारला नसणार, तलवार होती ना.

हां, बोर्डचं राहिलं. तोच पत्र्याचा बोर्ड अजून आहे आमच्याकडं. त्याच्यावर खाली बारीक अक्षरात ‘फक्त शाकाहारी’ लिहिलेलं होतं, आणि आमच्या घरात बुधवारी अंडी आणि रविवारी मटण होतं, म्हणजे ते कशासाठी लिहिलेलं ते तुम्हाला सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्यावर घरातला उरलेला पांढरा रंग मारला होता, तो पावसात धुतला गेला आणि अक्षरं परत दिसायलीत. ॲडमिशन सुरू व्हायच्या आधी नवीन करून घेते, पेंटरला सांगून ठेवलंय, तो साडेतीनशे म्हणतोय. आई म्हणते फ्लेक्स स्वस्त पडेल.

बोर्डचा किस्सा मूळ पोस्टमध्ये टाकू का म्हणून आईला विचारलं. ती बराच वेळ भाजी निवडत बसली, मग म्हणाली, टाक, पण पंख्याचं बटण मी दाखवलं होतं ते पण लिही. म्हणून लिहिलंय.

तुमच्या डिपॉझिटचं अजून काही अडकलेलं असेल तर मालकाचं नाव इथं कमेंटमध्ये लिहू नका, मला मेल करा. गल्लीतलेच असतील तर मी जाऊन बोलते.