दशम्यांच्या मापाने दुबई

माझी आत्या प्रवास दशम्यांत मोजते. पुणे-सोलापूर चार, पुणे-नागपूर बारा आणि वर लसणाची चटणी, हे तिचे कोष्टक वर्षानुवर्षे बिनचूक चालत आले आहे. त्यामुळे मी दादाकडे दुबईला निघालो, तेव्हा तिने परातीत पीठ घेऊन एवढेच विचारले, "किती तास लागतात रे?"

या प्रश्नाला सरळ उत्तर असते, असा माझा तोपर्यंत समज होता. मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी साडेआठशे, असा भागाकार करून मी "सव्वादोन" म्हणालो. आत्याने तिकीट मागितले. त्यावर सुटण्याची वेळ साडेचार आणि पोहोचण्याची सव्वासहा छापलेली होती. "हे तर पावणेदोनच झाले," असे म्हणून तिने मूठभर पीठ डब्यात परत टाकले.

मग सांगावे लागले, की दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते, म्हणून खरा वेळ सव्वातीन तास. शिवाय विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाते, चढता-उतरताना वेग कमी असतो आणि तो सगळा वेळ तिकिटात धरलेला असतो. तोवर तिने परतीचे तिकीट उलगडले होते: रात्री दहाला सुटून अडीचला मुंबई.

"जाताना पावणेदोन, येताना साडेचार? येताना चढ लागतो का?"

वस्तुतः येताना पश्चिमेचे वारे पाठीशी असल्यामुळे विमान पाव तास लवकरच पोहोचते, पण घड्याळातला दीड तास उलटा मिळवावा लागतो, हे पोळपाटावर पिठात आकडे काढून समजावताना माझाच हातचा चुकू लागला. सूर्याला मुंबईहून दुबईच्या रेखांशावर जायला सत्तरच मिनिटे लागतात, वरची वीस दोन देशांच्या प्रमाणवेळांनी घातलेली आहेत, हे मी सांगितलेच नाही. पोळपाटावर जागा उरली नव्हती.

अखेर तिनेच विचारले, "घरातून कधी निघणार, आणि दादाकडे पानावर कधी बसणार?" सकाळी नऊ आणि तिथले रात्रीचे आठ, म्हणजे आपले साडेनऊ. साडेबारा तास. "नागपूरला दोन कमी," म्हणत तिने दहा दशम्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक आडवा झाला आणि पावणेदोन तास, म्हणजे तिकिटाच्या हिशोबाने अख्खी दुबई, आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. पाच दशम्या तिथेच संपल्या. उरलेल्यांपैकी चार विमानतळावरच्या रांगांनी खाल्ल्या. रात्री दादाच्या घरून फोन केला, तेव्हा आत्याने आधी डब्याची चौकशी केली. एक उरली, असे मी सांगितले.

"मग घाटात पुरते दोन तास लागलेले दिसत नाहीत," ती म्हणाली.