कापिरोतादासाठी पाव आधी कडक हवा
मेक्सिकोत लेंटच्या (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या) शुक्रवारी होणाऱ्या कापिरोतादा या पावाच्या गोड पदार्थाला एका लेखात 'दूध-अंड्याचं ब्रेड पुडिंग' म्हटलंय. दुधाची तिथल्या हालिस्को राज्यात करतात, पण जास्त रुळलेली पाकाचीच.

बोलियो नावाचे सहा पाव दोन बोटं जाडीचे कापून रात्रभर उघडे ठेवतात, मग तूप किंवा लोण्यात तळतात वा ओव्हनमध्ये खरपूस भाजतात. इथेच बिघडतं! ताजा पाव पाक पितो आणि त्याचा लगदा होतो.

पाकाला लिटरभर पाणी, साधारण ४०० ग्रॅम पिलोन्सियो (आपला गूळ चालतो), दालचिनीच्या दोन काड्या, चार-पाच लवंगा. वीस मिनिटं उकळून गाळायचा. भांड्याच्या तळाशी तोर्तिया (मक्याच्या पातळ पोळ्या) अंथरल्या की खालचा थर करपत नाही. वर पाव, मनुका, शेंगदाणे, किसलेलं चीज असे थर. पाक एकदम ओतू नका. तीन हप्त्यांत, मध्ये पाच-दहा मिनिटं थांबून. मग झाकून ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सियसवर अर्धा तास, शेवटची दहा मिनिटं उघडं.

लवंगा म्हणजे क्रुसाचे खिळे, दालचिनी त्याचं लाकूड, पाव ख्रिस्ताचं शरीर, पाक रक्त, असं घरोघरी सांगतात. म्हणून लवंग-दालचिनी कृपया वगळू नका.